सहावी फेरी

मिलिंददादा,

आज तुझा दहावा, आणि तू अजून इथेच आहेस. जर्मनीत, आखनमध्ये, कुठल्यातरी थंड खोलीत, एका फायलीसकट. इचलकरंजीहून तुझ्या आईचा रोज फोन येतो, "दहावा कधी करताय गं सुजाता?" आणि वहिनी रोज सांगते, "आई, अजून त्यांनी अंत्यसंस्काराचीच तारीख दिलेली नाही." काल दिली. गुरुवारी साडेदहा. अर्धा तास हॉल आपला, अकराला पुढच्या माणसाचे लोक येणार. गेलेल्या माणसाला निरोप द्यायला आधी वेळ, टेर्मिन, घ्यावी लागते हे आईंना कितीही सांगितलं तरी कळत नाही. दहा वर्षं इथे काढून मलाही नीटसं कळलेलं नाही.

मला काही होत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. रडू येत नाही. उठते, चहा करते, कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं असा कचरा टाकते, स्टुडिओत जाते आणि शाई न लावता नुसता रोलर फिरवत बसते. परवा दुकानात तू ज्याचं श्रीखंड करायचास ते क्वार्कचे डबे दिसले. म्हटलं आता तरी काहीतरी होईल. दोन डबे घेतले, घरी आणले, फ्रिजमध्ये ठेवले. काही झालं नाही. माणूस बधिर होतो म्हणजे काय, तर हे असं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच ओठ आपल्याला परका वाटतो ना, तसं सगळं अंग झालंय.

काल टेर्मिन मिळाल्यावर वहिनी म्हणाली, "मेघा, गुरुवारी तू बोलशील ना गं? ह्यांच्या ऑफिसचे सगळे येणार आहेत. इथे कुणालातरी दोन शब्द बोलावे लागतात. ती फळ्यांची गोष्ट सांग. सगळ्यांना आवडते ती. आणि शेवटी तू ह्यांना माफ केलंस, ते पण सांग."

मी हो म्हटलं. निघालंच तोंडातून.

दादा, ती गोष्ट खरी नाही. सात वर्षं मी ती सांगतेय, तू पण सांगायचास, आणि ती खरी नाही. गुरुवारी तिथे उभी राहून ती पुन्हा सांगायची की खरं बोलायचं, एवढंच आता माझ्यासमोर आहे. म्हणून आधी तुला लिहितेय. तुला सांगून जमलं तर बाकीच्यांना सांगणं जमेल बहुतेक.

आपली ओळख झाली ती इथल्या मंडळाच्या गणपतीत. तू ताटं वाढत होतास, मी नवीन होते. "काय करतेस?" म्हणालास. म्हटलं, "वुडकट. फळ्या कोरते, त्यावरून छापते." तू म्हणालास, "म्हणजे सुतारकाम!" माझं डोकंच सणकलं. पाच वर्षं कला महाविद्यालयात घालवून, व्हिसासाठी रांगा लावून इथवर आले, ती काय सुतार म्हणवून घ्यायला? मी ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसले. तू जिलेबी वाढण्याच्या निमित्ताने मागे आलास आणि म्हणालास, "अगं, माझे आजोबा सुतारच होते. मी कौतुकानं म्हटलं." पुढच्या रविवारी स्टुडिओत हजर. माझ्या फळ्या बघितल्या नाहीस, आधी वास घेतलास. मग कोरलेल्या रेघेवरून अंगठा फिरवून म्हणालास, "हात चांगला आहे. पण धार लावायला शिक, बाईसाहेब." गाड्यांची इंजिनं तपासणारा माणूस मला पटाशीला धार लावायला शिकवणार! आणि शिकवलीस. आजही मी तुझ्याच पद्धतीने लावते.

आणि आपलं भांडण! ते तर पहिल्याच महिन्यात सुरू झालं आणि संपलं नाही. माझं तेव्हा तत्त्व होतं: जे सायकलवर मावत नाही ते माझं नाही. परदेशात राहणाऱ्या कलाकाराला काहीतरी तत्त्व लागतंच, नाहीतर नुसती कडकी दिसते. मी तीन खोल्या बदलल्या होत्या, तिन्ही वेळा सायकलवरून. तुझं अगदी उलटं. तुमच्या तळघरात त्या मिक्सरचं खोकं होतं जो जळून चार वर्षं झाली होती. "तुला काही टाकवतच नाही," मी म्हणायचे. तू म्हणायचास, "मेघा, माणसाला तळघर लागतं. सगळं डोळ्यांसमोर ठेवून जगता येत नाही." मी हसायचे. वहिनी म्हणायची, "तुम्ही दोघं बसा भांडत, मी भात लावते."

चौथ्यांदा खोली बदलायची वेळ आली तेव्हा तू कंपनीची गाडी घेऊन यायला निघाला होतास. मी नको म्हटलं. "दोन फेऱ्यांत होईल गं," म्हणालास. मी म्हटलं, "तत्त्व आहे." तू फोनवर एक मोठा श्वास सोडलास आणि शनिवारी सायकलमागे जोडायची एक जुनी लहान मुलांची ट्रेलर घेऊन आलास, छत कापून काढलेली, खाली लोखंडी पट्ट्या जोडलेली. सोबत कागद. त्यावर आठ फेऱ्या आखलेल्या, कुठल्या फेरीत काय, कुठला चढ टाळायचा, कुठल्या सिग्नलला थांबलं की पुन्हा निघायला जड जाईल, सगळं. आखन कसं चढउताराचं गाव, आणि माझी नवी खोली नेमकी टेकडीवर. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या होत्यास. "आमच्याकडचे दूधवाले कॅन असे बांधतात, खड्ड्यात गेली सायकल तरी हलत नाही." लांब सामानाच्या शेवटाला इथे लाल फडकं लावावं लागतं, तर तू वहिनीचा लाल परकर फाडून आणला होतास. वहिनीला न विचारता, हे संध्याकाळी कळलं.

सामान हलवायचा दिवस गुरुवार ठरला. तू रजा काढलीस. सायकल मीच मारणार, हा माझा हट्ट. मग तू काय करणार? इथे खोली सोडताना भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात, तेव्हा तू वर भिंती रंगवणार आणि पुढच्या फेरीचं सामान खाली आणून ठेवणार. चित्रकार ओझी वाहतेय आणि इंजिनिअर भिंत रंगवतोय, यावर आपण दिवसभर हसलो. दिवसभर म्हणजे साडेअकरापर्यंत.

पहिल्या फेरीत गादी. दुसरीत कागदाचे गुंडाळे आणि शाईचे डबे. तिसरीत कुकर, भांडी, पुस्तकं. चौथीत त्या चढावर एक म्हातारी आजी थांबून टाळ्या वाजवत होती, मी इतकी खूश झाले की तुला फोन करून सांगितलं. पाचवीत खुर्ची आणि कपडे. सहावी फेरी फळ्यांची होती. अकरा फळ्या, दोन वर्षांचं काम, माझ्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनाचं. पाचवी फेरी घेऊन निघताना मीच तुला म्हटलं, "दादा, फळ्या खाली आणून ठेव, भिंतीला टेकवून, त्या सोफ्याशेजारी. मी आले की लगेच बांधू."

तो सोफा. वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचा होता, सकाळीच फूटपाथवर आलेला, शेजारी एक मोडकी कपाटाची चौकट. तू म्हणालास, "बघ, अजून कुणीतरी घर बदलतंय, आपल्याला सोबत झाली." आपल्या डोक्यात तेच येणार. आपल्याकडे फूटपाथवर कुणाचा सोफा असेल तर तो कुणाचा तरी असतो. इथे ठरलेल्या दिवशी जुनं मोठं सामान बाहेर ठेवतात आणि गाडी येऊन ते घेऊन जाते. श्पेर्म्यूल. तुमच्या सोसायटीत ती व्यवस्था वेगळी होती, तू कधी केलं नव्हतंस.

तू फळ्या आणल्यास. एकावर एक, नीट, ट्यूबने बांधून, वर जाऊन पुन्हा रोलर हातात घेतलास. खाली गाडीचा आवाज आला तेव्हा खिडकीतून बघितलंस. दोन माणसं सोफा उचलत होती. फळ्या त्यांच्या पलीकडे होत्या, तुला दिसल्या नाहीत. त्यातल्या एकाने वर बघितलं, तर तू हात केलास. त्यानेही केला. हे तूच मला सांगितलंस, आणि पुढे प्रत्येकाला सांगत राहिलास. "मी त्यांना टाटा केला हो," म्हणायचास आणि लोक हसायचे.

शाईने काळ्या पडलेल्या अकरा फळ्या. भंगार नाही तर काय वाटणार कुणाला?

मी आले तेव्हा भिंत मोकळी होती. तू वरून ओरडलास, "अगं थांब, येतो बांधायला!" खाली आलास, हाताला पांढरा रंग. मी विचारलं, "फळ्या कुठायत?" तू भिंतीकडे बघितलंस. मग मी किंचाळले, भर रस्त्यात, "तू काय करत होतास वर? एवढं एक काम सांगितलं होतं तुला!" तुझं तोंड मी आजवर विसरले नाही.

आता ऐक. आदल्या संध्याकाळी माझ्या टपालपेटीत एक चिठ्ठी होती. घराची देखभाल करणाऱ्या माणसाने सगळ्यांना टाकलेली. उद्या श्पेर्म्यूलची गाडी येणार, नको असलेलं सोडून दुसरं काही फूटपाथवर ठेवू नका. मी ती वाचली. दादाला सांगायला हवं, हेही मनात आलं. तेवढ्यात आईचा स्काइपवर फोन आला आणि चिठ्ठी कागदाच्या डब्यात गेली. सकाळी विसरले. हे एवढंच असतं तर मी कदाचित कधीतरी बोलले असते. विसरतो माणूस.

पण मला आठवलं होतं, दादा. पाचव्या फेरीला, टेकडीच्या चढावर, मला लख्ख आठवलं. फोन खिशात होता. उतरून फोन केला असता तर चढावर भरलेली ट्रेलर पुन्हा ओढायला जड गेलं असतं. म्हटलं, वर पोचल्यावर करते, गाडी काय दुपारशिवाय येत नाही. वर पोचले तर नवी घरसोबतीण दारात, तिने कॉफी पुढे केली, फ्रिजमधला माझा कप्पा दाखवला. मी कॉफी प्यायले. अख्खा कप.

त्या भिंतीसमोर मी किंचाळले तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. पहिलं वाक्य तुझ्यावर फेकलं आणि मग दुसरं बोलायला तोंडच उरलं नाही. तू "सॉरी, सॉरी गं" म्हणत होतास. कचऱ्याच्या यार्डात आपण दोघं सायकली मारत गेलो, मीही रडतरडत आले, तिथल्या माणसाने सांगितलं की लाकूड गाडीतच चिरडतात. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा रजा काढून एकटा गेलास, ढिगात बघायला. तेव्हा बोलता आलं असतं. त्यानंतरच्या दर दिवाळीत, दर रविवारच्या जेवणावर बोलता आलं असतं.

त्याऐवजी मी काय केलं, तर गोष्ट रंगवली. बॉनला प्रदर्शन लागलं तेव्हा गॅलरीच्या बाईंनी विचारलं, ही मालिका कशी सुचली? मी सांगितलं, माझं दोन वर्षांचं काम घर बदलताना सायकलफेऱ्यांमध्ये कचऱ्यात गेलं, आणि मग हे उगवलं. लोकांना फार आवडलं. सायकल, परकर, हात करणारा मित्र. तू पहिल्या रांगेत बसला होतास, मान खाली घालून हसत. ती सगळी चित्रं तू आणून दिलेल्या फळ्यांवरची होती. माझ्या दर वाढदिवसाला एक फळी आणायचास, लिंडेनच्या लाकडाची, स्वतः रंधा मारलेली. "घे, कोर. माझं पाप फेडतोय." मी घ्यायचे. आणि खरं सांगू, हे काम आधीच्यापेक्षा चांगलं झालं. हेसुद्धा तुला सांगायचं राहिलं, कारण ते सांगितलं तर तुझं देणं संपलं असतं आणि मला ते संपायला नको होतं. किती वाईट वाटतं हे लिहिताना. वाईट वाटतंय म्हणजे काहीतरी होतंय तर.

आणि तुझी लेक, रेवा. तेव्हा दोन वर्षांची होती, ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. घरात काही सांभाळायचं असलं की ती जर्मनमध्ये म्हणते, "पापाकडे नको, तो ट्रकला देऊन टाकेल." सगळे हसायचे, तूही. तिच्या वर्गातल्या मुलांनाही हे माहीत आहे.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये, दुपारी, वहिनी रेवाला शाळेतून आणायला गेली होती. तू खिडकीकडे बघत होतास. आवाज एवढासा झाला होता. म्हणालास, "मेघा, एक विचारू? त्या फळ्यांचं आहे का गं मनात अजून?"

तोंडापर्यंत आलं होतं. शपथ. पण तुझ्या हाताला ती सुई, आणि मला वाटलं आता कशाला, आता सोपं काहीतरी द्यावं माणसाला. म्हटलं, "वेडा आहेस का दादा. कधीच माफ केलं तुला."

तू डोळे मिटलेस. "बरं झालं बाई," म्हणालास. मग दोन चमचे सूप प्यायलास. वहिनी आल्यावर तिला सांगितलंस, मेघानं मला माफ केलं. मी तिथेच उभी होते आणि तुझी चादर सारखी करत होते.

इथवर सकाळी लिहिलं होतं, आता रात्र झालीय. दुपारी मी तुमच्याकडे गेले. वहिनी स्वयंपाकघरात गुरुवारी येणाऱ्यांची यादी करत होती, शेगडीवर वरण. मी उभ्यानेच सांगितलं, चिठ्ठी, चढ, कॉफी. वरण उतू जायला लागलं तेव्हा तिने शेगडी बंद केली.

"यार्डात गेले होते हे," ती म्हणाली. "पावसात. न्यूमोनिया व्हायचा राहिला होता."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो, वहिनी."

मला वाटलं आता ती हाकलेल. हाकललं असतं तर बरं झालं असतं. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "गुरुवारचं तुझं तू बघ. पण रेवाला तू सांगायचं. आत्ता. मी नाही सांगणार."

रेवा तिच्या खोलीत जमिनीवर बसून काहीतरी चिकटवत होती. मी शेजारी बसले आणि मराठीत सांगितलं, सावकाश. तिला मराठी सगळं समजतं, फक्त उत्तर जर्मनमध्ये देते. मी थांबल्यावर तिने विचारलं, म्हणजे पापाची काहीच चूक नव्हती?

म्हटलं, नाही. काहीच नाही.

अजिबात?

अजिबात नाही, बाळा.

तिने कात्री खाली ठेवली. बोटाला लागलेला गोंद काढत बसली. मग म्हणाली, पण मी रोज त्याला चिडवायचे.

तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तर तिने मान बाजूला घेतली. आणि तेव्हा, दादा, दहा दिवसांनी, मला रडू आलं. तुमच्या घरात, तुझ्या लेकीसमोर, कारण तिने माझ्यामुळे तुला जे म्हटलं ते आता मी काहीही केलं तरी परत घेता येत नाही.